ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा

पत्र असं आहे:

"आई ५८ वर्षांची आहे. तिला स्तनाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. तिसऱ्या सायकलच्या आधी रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशींचे काउंट कमी आले आणि केमो आठवडाभर पुढे गेली. ते कळल्यावर मामा पिशवीभर बाटल्या घेऊन आला. इम्युनिटी वाढली की काउंटही वाढतील आणि शरीर स्वतःच कॅन्सरशी लढेल, असं तो म्हणतो. तीन आठवडे झाले, आई रोज ते सगळं घेते आहे. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना सांगितलेलं नाही. चौथी सायकल पुढच्या आठवड्यात आहे. परवा कुणीतरी म्हणालं की अशा गोळ्यांनी कॅन्सरच्या पेशीसुद्धा पोसल्या जातात. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. तिला गोळ्या मीच हातावर ठेवते. मी तिचा कॅन्सर वाढवला का? बाटल्यांवरचा मजकूर सोबत उतरवून पाठवते. – एक मुलगी"

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं नीट वाचता येईल. नाही, तुम्ही आईंचा कॅन्सर वाढवलेला नाही. तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी त्यांचा आजार वाढला, असं म्हणायला कुठलाही आधार नाही. पुढे ज्या मोठ्या अभ्यासांबद्दल लिहिणार आहे, त्यांत लोकांनी अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या होत्या. तुम्ही आईच्या काळजीपोटी जे केलं ते मनाला लावून घेऊ नका.

पण त्या "कुणीतरी" म्हणणाऱ्याची शंका वेडगळ नाही. मामांनी आणलेल्या गोळ्या आजपासून थांबवा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं काहीही थांबवू नका. कॅल्शियम, लोह, व्हिटॅमिन डी यांतलं काही त्यांच्या प्रिस्क्रिप्शनवर असेल तर ते चालूच राहू दे. आता का, ते सांगते.

आधी काउंटचं बघू. पांढऱ्या पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. तिथे पेशींचं विभाजन रात्रंदिवस चालू असतं. केमोची बहुतेक औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि त्या तडाख्यात मज्जाही सापडते. म्हणून केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत काउंट तळाला जातात आणि मग आपोआप वर येतात. आईंची प्रतिकारशक्ती मुळातच कमजोर होती किंवा घरच्यांचं काही चुकलं, असा त्याचा अर्थ नाही. औषधाचा हा ठाऊक असलेला परिणाम आहे. काउंट लवकर वर यावेत म्हणून डॉक्टरांकडे खात्रीचं औषध आहे. मज्जेला थेट इशारा देणारी जी-सीएसएफ नावाची इंजेक्शनं असतात, आणि गरज असेल तर ते ती देतात. हे काम करणारी गोळी किंवा पावडर मामांच्या पिशवीतच काय, कुठल्याच बाटलीत मिळत नाही. काउंट कमी असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं. थर्मामीटर उशाशी ठेवा.

आता "इम्युनिटी वाढवणे" या शब्दांबद्दल. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे, की भरत राहिलं की पातळी चढेल. वेगवेगळ्या पेशींचा तो फार मोठा कारभार आहे. त्यात काही पेशी हल्ला करतात, काही हल्ला आवरतात, काही जखम भरतात. आणि त्या सगळ्या नेहमी आपल्या बाजूने असतातच असं नाही. मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकार पेशी अनेक गाठींभोवती जमलेल्या सापडतात. तिथे त्या बऱ्याचदा गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून द्यायला आणि तिच्यावर येणारा हल्ला दाबायला हातभार लावतात. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये तर बिघडलेली पेशी ही प्रतिकारशक्तीचीच पेशी असते. अशा माणसाला "प्रतिकार पेशी वाढवा" असं सांगण्यात काय अर्थ राहतो?

प्रतिकारशक्तीकडून कॅन्सरवर हल्ला करवून घेण्याचा मार्ग सापडला आहे. त्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. प्रतिकार पेशींना स्वतःचे ब्रेक असतात आणि कॅन्सर ते दाबून धरतो. ते ब्रेक सोडवणारी औषधं या संशोधनातून आली. त्यांनी काही रुग्णांचं आयुष्य बदललं. पण ब्रेक खरोखर सुटले की काय होऊ शकतं, तेही त्या वॉर्डात दिसतं. स्वतःच्याच प्रतिकार पेशी आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर, थायरॉइडवर चालून जातात आणि त्यांना आवरायला स्टिरॉइड द्यावे लागतात. म्हणून ही औषधं डॉक्टरांच्या नजरेखाली, रक्ताच्या तपासण्या करत दिली जातात.

आता तुमचा मूळ प्रश्न. पोषक गोष्टींनी कॅन्सरची पेशी पोसली जाते का?

कॅन्सरची पेशी बाहेरून आलेली नसते. ती आईंच्याच शरीरातली आहे, विभाजनाचे नियम मोडून बसलेली. जी जीवनसत्त्वं निरोगी पेशीला नवा डीएनए बनवायला लागतात, तीच तिलाही लागतात. फक्त तिची भूक मोठी. गोळीवर "फक्त चांगल्या पेशींसाठी" असा पत्ता लिहिता येत नाही.

हे पहिल्यांदा फार वेदनादायक रीतीने कळलं. १९४० च्या दशकात अमेरिकेत सिडनी फार्बर हे डॉक्टर रक्ताच्या कॅन्सरने आजारी असलेल्या मुलांवर उपचार करत होते. फॉलिक ॲसिडमुळे काही प्रकारच्या ॲनिमियात रक्त सुधारतं हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. म्हणून त्या मुलांना फॉलिक ॲसिडसारखी संयुगं देऊन पाहिली गेली. हेतू अगदी मामांसारखाच होता, मुलांच्या रक्ताला बळ मिळावं. पण आजार उलट जोर धरताना दिसला. फार्बर यांनी त्यावरून उलटा विचार केला. ज्याने ही पेशी वाढते, तेच तिच्यापासून तोडलं तर? फॉलिक ॲसिडचा मार्ग अडवणारं ॲमिनोप्टेरिन त्यांना लेडर्ले या कंपनीच्या प्रयोगशाळेतून मिळालं. तिथल्या संशोधनाचं नेतृत्व यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होतं. १९४८ मध्ये फार्बर यांनी लिहिलं की १६ मुलांपैकी १० जणांमध्ये आजार काही काळ मागे हटला. आजच्या केमोच्या मुळाशी जे प्रयोग आहेत, त्यांतला हा एक. आजही वापरात असलेलं मेथोट्रेक्सेट याच घराण्यातलं. ही हकिगत मी रुग्णांच्या घरच्यांना नेहमी सांगते, कारण तिच्यात सगळं आलं. जीवनसत्त्व वाईट नव्हतं. ते कुणाच्या हाती पडत होतं, एवढंच लक्षात आलं नव्हतं.

दुसरा मुद्दा अँटिऑक्सिडंटचा, आणि तुम्ही पाठवलेल्या यादीत हा शब्द तीन बाटल्यांवर आहे. फ्री रॅडिकल नावाचे अस्थिर रेणू पेशींना इजा करतात, अँटिऑक्सिडंट त्यांना विझवतात, म्हणून कॅन्सर टळतो, अशी एक सरळ गोष्ट अनेक वर्षं सांगितली गेली. ऐकायला पटते. पण कॅन्सरची पेशी स्वतःच त्या रॅडिकलच्या माऱ्याखाली जगत असते, आणि तो मारा बऱ्याचदा तिला लगाम घालतो. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या उंदरांना व्हिटॅमिन ई आणि एन-ॲसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट दिले. गाठी वेगाने वाढल्या आणि उंदीर लवकर मेले. आपल्या पेशींत पी-५३ नावाचं एक प्रथिन राखणदारासारखं काम करतं. इजा दिसली की ते विभाजन थांबवतं. अँटिऑक्सिडंटने इजेची खूणच पुसली गेल्यामुळे राखणदार जागा झाला नाही, असं त्यांना आढळलं. पुढच्या वर्षी मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, उंदरांमध्ये तेच एन-ॲसिटिलसिस्टीन दिल्यावर कॅन्सर लसिका ग्रंथींमध्ये जास्त पसरलेला दिसला.

उंदीर म्हणजे माणूस नाही, हे मान्य. म्हणून माणसांचं सांगते. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. बीटा कॅरोटीनने फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा ते घेणाऱ्यांमध्ये हा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्या १८,३१४ लोकांना बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए देणारी चाचणी चालू होती. तिथेही फुप्फुसाचे कॅन्सर २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त दिसले, म्हणून ती १९९६ च्या जानेवारीत २१ महिने आधीच थांबवली. नंतर ३५,००० हून जास्त पुरुषांवर व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमची चाचणी झाली. २०११ मध्ये कळलं की व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त झाला. या तिन्ही चाचण्या चांगल्या हेतूने, चांगल्या शास्त्रज्ञांनी केल्या होत्या. निकाल लागेपर्यंत या गोळ्या निरुपद्रवी आहेत असंच सगळे धरून चालले होते.

आईंच्या सर्वांत जवळचा अभ्यास २०२० मधला आहे. केमो घेणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या १,१३४ रुग्णांना, तुम्ही केमोच्या आधी आणि केमो चालू असताना काय काय सप्लिमेंट घेतलीत, असं विचारलं गेलं. दोन्ही वेळा अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांनी जास्त दिसलं, आणि बी-१२ घेणाऱ्यांचे निकालही वाईट होते. हा अभ्यास निरीक्षणाचा होता. अँटिऑक्सिडंटचा तो आकडा योगायोगाने आला असण्याची शक्यता पूर्ण पुसली गेली नव्हती, त्यामुळे त्यावरून "गोळीनेच झालं" असं ठामपणे म्हणता येत नाही. पण माझी आई त्या खुर्चीत असती तर मला एवढं पुरलं असतं. केमोची काही औषधं आणि रेडिएशन काही अंशी त्याच रॅडिकलच्या माऱ्याने काम करतात. तो मारा विझवणारी गोळी त्याच दिवसांत कशाला द्यायची? कॅनडात डोकं आणि मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या ५४० जणांवर चाचणी झाली. तिथे अँटिऑक्सिडंटने रेडिएशनचा त्रास कमी झाला खरा, पण गोळ्या चालू होत्या त्या काळात व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये दुसरा नवा कॅन्सर जास्त जणांना झाला.

आता तुमची यादी. मी ती कागदावर घेऊन बाटली-बाटलीची बेरीज केली. व्हिटॅमिन ई "इम्युनिटी" गोळीत २०० युनिट आणि अँटिऑक्सिडंट कॅप्सूलमध्ये ४००. म्हणजे रोजचे ६००, गरजेच्या वीसेक पट. सेलेनियम दोन्हींत शंभर-शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे २००. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमच्या त्या चाचणीत सेलेनियम एवढंच होतं आणि व्हिटॅमिन ई ४०० युनिट. आईंचं त्याहूनही जास्त झालं. झिंक दोन बाटल्यांत २५-२५, म्हणजे ५० मिलिग्रॅम. मोठ्या माणसासाठी वरची मर्यादा ४० ची मानतात. आणि हे मामांना आवर्जून सांगा. एवढं झिंक महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी पडतं, आणि तांबं कमी पडलं की पांढऱ्या पेशीच घटतात. ज्यासाठी आणलं त्याच्या बरोबर उलट.

केसांसाठी म्हणून जी गोळी आहे तिच्यात बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम आहे. रोजची गरज ३० ची. एवढ्या बायोटिनने थायरॉइड, हार्मोन आणि हृदयविकारासाठीच्या काही रक्त तपासण्यांचे आकडे खोटे येऊ शकतात. गेल्या तीन आठवड्यांत तशी तपासणी झाली असेल तर डॉक्टरांना हे कळायलाच हवं. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपरिन घातलेलं आहे. ते औषधांचं शोषण वाढवतं आणि यकृतात औषधांचा निपटारा करणाऱ्या यंत्रणेत ढवळाढवळ करू शकतं. अशा कॅप्सूलने आणि ग्रीन टीच्या अर्काने यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. केमोच्या मध्यावर यकृताचे आकडे बिघडले तर डॉक्टर दोष केमोला देतील आणि डोस कमी करतील. कॅप्सूल कुणाच्या ध्यानातही येणार नाही. प्रोबायोटिक पावडरीत जिवंत जिवाणू असतात. काउंट तळाला असताना ते रक्तात शिरून संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत.

तुम्ही विचाराल, मग हळदीतल्या कर्क्युमिनने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मरतात असं वाचलं ते खोटं का? खोटं नाही. काचेच्या ताटलीतल्या पेशींवर ते थेट ओतलेलं असतं. तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं. ताटलीत पेशी मारणारे पदार्थ शेकड्यांनी आहेत. त्यांतले औषध होऊन रुग्णापर्यंत पोचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता "सगळीच जीवनसत्त्वं वाईट" असं मनात धरू नका. पेमेट्रेक्सेड नावाचं केमोचं औषध देताना डॉक्टर स्वतः फॉलिक ॲसिड आणि बी-१२ देतात. त्याशिवाय औषधाचा त्रास फार होतो. तेच फॉलिक ॲसिड कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांबरोबर मोठ्या मात्रेत घेतलं तर त्रास वाढतो. गोळी एकच. कुठल्या औषधासोबत, यावर सगळं अवलंबून. म्हणून शेजारच्या काकूंना चाललेलं आईंना चालेलच असं नाही. व्हिटॅमिन डी, लोह, बी-१२ खरोखर कमी असेल तर रक्त तपासून, कमतरता भरेल इतकंच द्यायचं असतं.

माझं काम कॅन्सरच्या रुग्णांच्या आहाराचं आहे. तेव्हा द्यायचं काय, तेही सांगते. आईंना सगळ्यात जास्त गरज आहे ती पुरेशा अन्नाची आणि प्रथिनांची. उपचार चालू असताना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलो वजन असेल तर ६० ते ९० ग्रॅम. प्रतिकार पेशी याच मालातून घडतात. एका वेळी भरलं ताट जाणार नाही, तेव्हा दोन-दोन तासांनी थोडं थोडं द्या, आणि दिवसातल्या ज्या वेळी त्यांना भूक लागते तेव्हा मुख्य जेवण. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर घ्या आणि लिहून ठेवा. जेवण अजिबात जात नसेल तर प्रथिनांची साधी पावडर चालते, पण तीही डॉक्टरांना किंवा तिथल्या आहारतज्ज्ञांना दाखवून. "इम्युनिटी" लिहिलेली घेऊ नका, तिच्यात पुन्हा तीच भर घातलेली असते. अंगात त्राण असेल त्या दिवशी थोडं चालणं.

राहिलं डॉक्टरांना सांगणं. चौथ्या सायकलच्या दिवसाची वाट बघू नका. उद्या फोन करा, आणि जाताना यादी न नेता बाटल्याच न्या, लेबलसकट. मागे एका मुलाने वडिलांच्या अशाच अकरा बाटल्या टेबलावर रांगेत मांडल्या होत्या, मान खाली घालून. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एकेक बाटली फिरवून वाचली, दोन बाजूला काढून "ह्या नंतर बघू" म्हणाले, एकीवर पेनाने फुली मारली आणि वडिलांना विचारलं, "ही कधीपासून?" गेले दोन महिने त्या रुग्णाचे यकृताचे आकडे का वर जात होते, याचा धागा त्यांना त्या फुलीवाल्या बाटलीत मिळाला. तुमच्या डॉक्टरांनी आवाज चढवलाच तर दोन मिनिटं ऐकून घ्या आणि मग विचारा: कुठलं थांबवू, कुठलं चालेल, रक्ताची कुठली तपासणी परत करायची, आणि काउंटसाठी इंजेक्शनची गरज आहे का.

आईंना गोळ्या का बंद केल्या हे विचारलं तर खरं सांगा, की केमोला तिचं काम नीट करू द्यायचं आहे, म्हणून उपचार संपेपर्यंत थांबवल्या. तुमच्या अपराधी भावनेचं ओझं त्यांच्यावर टाकू नका.

आणि मामा. बहिणीसाठी काहीतरी करायला हवं म्हणून ते धावत आले, त्यांना दुखवू नका. डॉक्टरांकडे आईंसोबत त्यांनाच पाठवा. बाटल्यांची पिशवी त्यांच्याच हातात असू दे, आणि डॉक्टर काय म्हणतात ते त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू दे. पुढच्या दोन आठवड्यांत रोज सकाळ-संध्याकाळ आईंचा ताप बघून वहीत लिहायचं काम त्यांच्याकडे द्या.